आत्याच्या नावापुढचा कंस

गेली तीन वर्षं मी आमच्या घराची फॅमिली ट्री बनवतेय. सहा पिढ्या, दोनशेच्या वर माणसं, जुन्या वह्या, पत्रं, फोटोंच्या मागे पेन्सिलनं लिहिलेली नावं, सगळं गोळा करून एकदाचं ते झाड मोठ्या कागदावर प्रिंट केलं आणि सगळे एकत्र जमले तेव्हा भिंतीवर लावलं. जो तो आपलं नाव शोधत होता, पोरं एकमेकांना आपापली फांदी दाखवत होती. आत्या पण आली, चष्मा लावला, नाव सापडलं आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिली. गर्दी थोडी पांगल्यावर मला हळूच म्हणाली, "अगं, एवढ्या दोनशे माणसांत माझ्या एकटीच्याच नावापुढे कंस कशाला?"

कंसात लिहिलं होतं, दत्तक.

मला तेव्हा काही उत्तर देता आलं नाही. आत्या दत्तक आहे हे आमच्याकडे कधी लपवलेलं नाही, तिला लहानपणापासून माहितीये, आम्हा भाचरांना माहितीये, त्यामुळे लिहिताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की नोंद खरी असावी. आणि ती खरी होतीच की. पण बाबांच्या नावापुढे मी कंसात 'पोटचा' असं नव्हतं लिहिलं, काकाच्या नावापुढेही नाही. तीन भावंडांपैकी दोघं नुसती भावंडं आणि तिसरी खुलाशासकट भावंड, असं मी स्वतःच्या हातानं छापून भिंतीवर चिकटवलं होतं.

काका म्हणाला, काढून टाक तो शब्द, हवाय कशाला, आपल्याला सगळ्यांना माहितीये ना. प्रेमानंच म्हणाला. पण मला ते पटेना, कारण आज आपल्याला माहितीये म्हणून न लिहिलेली गोष्ट दोन पिढ्यांनी कुणालाच माहीत नसते, जुन्या वह्या चाळताना हे मी शंभर वेळा अनुभवलंय. शेवटी आत्यालाच फोन केला, विचारलं काढून टाकू का. ती म्हणाली, "काढू नकोस, ते खरं आहे. पण ते माझं नाव नाहीये ना."

या वाक्यावर मी खूप दिवस विचार करत होते. आणि मग एकदम लक्षात आलं की माझी चूक शब्दाची नव्हतीच, जागेची होती. दत्तक हा शब्द मी माणसाला चिकटवला होता आणि तो खरं तर रेषेचा शब्द आहे. आजी-आजोबांपासून आत्यापर्यंत जी रेष येते ती दत्तकाची. आत्या नुसती आत्या. ती बाबांची बहीण आहे, तिच्या मुलांची आई आहे, या बाकीच्या कुठल्याच नात्यात दत्तक हा शब्द येत नाही, तो फक्त त्या एका रेषेवर येतो. मग तो लिहायचा तर तिथेच लिहायला हवा.

गंमत म्हणजे ज्या फाइल फॉरमॅटमधून जगातली बहुतेक फॅमिली ट्री सॉफ्टवेअर एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात त्यात हे आधीपासून असंच आहे, मलाच माहीत नव्हतं. त्या फॉरमॅटचं नाव जेडकॉम. १९८४ मध्ये मॉर्मन चर्चनं तो बनवला, अनेक वर्षं चाललेली ५.५.१ ही आवृत्ती १९९९ ची, आणि २०२१ मध्ये ७.० आली. त्यात प्रत्येक माणसाची एक नोंद असते आणि तो कुठल्या कुटुंबाचं मूल आहे हे सांगणारी एक वेगळी जोडणी असते, आणि नातं कसलं आहे ते त्या जोडणीखाली लिहायचं, पेडी नावाच्या टॅगमध्ये. जन्मानं, दत्तक, फॉस्टर म्हणजे दत्तक न घेता सांभाळलेलं, आणि चर्चचा स्वतःचा एक विधी आहे त्याचा एक पर्याय, नव्या आवृत्तीत 'इतर' पण आहे आणि तिथे आपल्या शब्दांत खुलासा लिहिता येतो. मुख्य म्हणजे एका माणसाला अशा जोडण्या कितीही देता येतात. म्हणजे ज्यांनी फॉरमॅट बनवला त्यांनी धरूनच ठेवलं होतं की एक माणूस एकापेक्षा जास्त घरांचं मूल असू शकतो.

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खरंच सांगते.

कागदावरची पद्धत मात्र हे मानत नाही. पूर्वजांना नंबर द्यायची जी सगळ्यात वापरातली पद्धत आहे तिला आनेनटाफेल म्हणतात, ऑस्ट्रियाच्या मिखाएल आयट्झिंगरनं १५९० मध्ये छापलेल्या पुस्तकात ती वापरलीये. तुम्ही एक नंबर, वडील दोन, आई तीन, वडिलांचे वडील चार, असं चालतं, कुणाच्याही वडिलांचा नंबर हवा तर त्याच्या नंबरची दुप्पट करायची आणि आईचा हवा तर दुपटीत एक मिळवायचा. हिशोबाला इतकी सुंदर की मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा वहीच्या मागे पाच पिढ्या मांडून बघितल्या होत्या. पण या हिशोबात बापाला एकच जागा आणि आईला एकच जागा. आत्याच्या मुलांनी स्वतःला एक नंबर दिला तर तीन नंबरवर आत्या आली, आता सहा आणि सात नंबरवर कोण? माझे आजी-आजोबा की जन्म देणारे? दोघांना एकत्र बसवायला ते गणितच तयार नाही. छापील तक्ते, भिंतीवरचे पंखाच्या आकाराचे चार्ट, शाळेत मुलांना भरायला देतात ते झाडाचं चित्र, सगळे याच गणितावर उभे आहेत, आणि मला वाटतं दत्तक माणसांना झाडात आपण आगंतुक आहोत असं जे वाटतं ते बरंचसं इथून येतं. रिकाम्या चौकटी आधी छापल्या जातात आणि माणसं नंतर येतात.

यावर उपाय आहे, थोडं काम जास्त पडतं एवढंच. फॅमिलीसर्च आणि ॲन्सेस्ट्री या झाड बनवायच्या वेबसाइट, दोन्हीकडे एका माणसाला आईवडिलांच्या एकाहून जास्त जोड्या देता येतात, प्रत्येक पालकाशी नातं जैविक, दत्तक, सावत्र, फॉस्टर की नुसतं पालकत्व ते निवडता येतं आणि यातली कुठली जोडी मुख्य दाखवायची तेही ठरवता येतं. ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर मी वापरते त्यात आईशी नातं वेगळं आणि वडिलांशी वेगळं लिहायची सोय आहे. विकीट्री या वेबसाइटवर मात्र एका माणसाला एकच आई आणि एकच वडील जोडता येतात, तिथे नातं जैविक नसल्याची खूण करायची आणि बाकीचं चरित्राच्या मजकुरात लिहायचं. म्हणजे दोन्ही घरं साठवायची सगळी, आणि चित्र काढताना कुठलं घर वर दाखवायचं हे त्या त्या चित्रापुरतं ठरवायचं. आत्याच्या मुलांसाठी मी दोन चार्ट काढून दिले, एक आमच्या आजी-आजोबांकडून वर जाणारा आणि दुसरा जन्माच्या बाजूचा. दुसऱ्यात दोनच चौकटी आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

आईशी वेगळं आणि वडिलांशी वेगळं नातं ही सोय मला आधी फालतू वाटली होती. मग माझ्या मावसबहिणीची नोंद करायची वेळ आली. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, मावशीनं पुन्हा लग्न केलं आणि दुसऱ्या नवऱ्यानं हिला कायद्यानं दत्तक घेतलं. आता मावशी तर तिची जन्माची आई आहे. दोघांना मिळून 'दत्तक आईवडील' लिहिलं की मावशीनं स्वतःची मुलगी दत्तक घेतली असं दिसतं, आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही, मुकाट्यानं छापतं. जेडकॉममधली ती पेडीची खूण पूर्ण जोडप्याला मिळून एकच असते म्हणून ही पंचाईत. पण त्याच फॉरमॅटमध्ये दत्तकाची घटना म्हणून वेगळी नोंद आहे आणि तिच्याखाली दत्तक कुणी घेतलं, नवऱ्यानं, बायकोनं की दोघांनी, हे लिहायला जागा आहे. ती भरा. फार कमी लोक भरतात.

आणि हो, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात फाइल नेल्यावर या खुणा टिकल्यात का ते एकेक माणूस उघडून बघा. माझ्या एका जुन्या फाइलमधल्या सगळ्या दत्तकाच्या खुणा अशाच नेताना गळल्या, आणि खूण नसली की समोरचा प्रोग्रॅम सहसा जन्माचंच नातं धरून चालतो. सहा महिने आमच्या झाडात आत्या जन्मानं आजीची मुलगी होती आणि मला पत्ताच नव्हता. आजकाल मी खूण तर करतेच, शिवाय एका ओळीची टीपही लिहिते साध्या भाषेत, टीप बहुतेक वेळा टिकते.

आता एक गोष्ट जी मला आपल्याच भाषेत सापडली. मराठीत आपण दत्तक आलेला म्हणतो आणि दत्तक गेलेला पण म्हणतो. एकच माणूस, पण कुठल्या घरात उभं राहून बघताय त्यावर क्रियापद बदलतं. जेनेटिक्सवाले डॉक्टर लोक घराण्याचा आजारांचा तक्ता काढतात त्यातही बरोब्बर हेच दोन प्रकार आहेत, १९९५ मध्ये त्यांनी त्या तक्त्याच्या खुणा एकसारख्या ठरवल्या, दत्तक आलेल्याला तुटक रेष आणि दत्तक गेलेल्याला अखंड रेष. त्यात माणसाच्या चिन्हाला चौकोनी कंस पण असतो, हे वाचून मी जरा थांबले, म्हणजे कंस घालणारी मी एकटीच नव्हते. पण तिथं कारण वेगळं आहे, डॉक्टरला एका नजरेत कळायला हवं की या बाजूचा मधुमेह या माणसाच्या हिशोबात धरायचा नाही. ते दवाखान्यात ठीक. घराच्या भिंतीवर आपण कुणाचा आजार शोधत नसतो. तुटक रेष मात्र मी त्यांच्याकडून घेतली, ती फार चांगली आहे, न बोलता सांगते.

तर दत्तक गेलेला. ज्या घरातून मूल जातं त्या घराच्या झाडात ते मूल असतं का? बहुतेक वेळा नसतं. आलेल्याची नोंद निदान कंसात का होईना होते, गेलेल्याची चौकटच पुसली जाते. आमच्याकडे पणजोबांच्या पिढीत असं झालंय. थोरल्या भावाला मूल नव्हतं, धाकट्यानं आपला दुसरा मुलगा त्याला दिला. थोरल्याच्या फांदीवर तो मुलगा होता, धाकट्याच्या फांदीवर नव्हता, आणि मी जेव्हा दुसऱ्या एका नातेवाइकानं बनवलेलं झाड माझ्यात मिसळलं तेव्हा त्याच माणसाच्या दोन नोंदी झाल्या, एकीकडे एक जन्मसाल आणि दुसरीकडे दुसरं, जणू दोन वेगळे चुलतभाऊ. बरेच दिवस मी त्या दोघांना वेगळी माणसं समजून शोधत होते. एका जुन्या पत्रात 'आमचा तिकडे दिलेला' असे शब्द दिसले तेव्हा उलगडा झाला.

घरातल्या घरात दत्तक झालं की हे नेहमी होतं, तेव्हा ज्यांच्या झाडात एखादा भाऊ फार लवकर गायब होतो आणि त्याच नावाचा माणूस शेजारच्या फांदीवर उगवतो त्यांनी आधी ही शंका घ्यावी. नोंद एकच ठेवायची, जोडण्या दोन द्यायच्या. मग सॉफ्टवेअर नातं मोजताना तो सख्खा भाऊ पण आहे आणि चुलतभाऊ पण आहे असं दोन्ही सांगतं, आणि दोन्ही बरोबर असतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं असंच काहीसं आहे, १८६३ चा जन्म, नाव गोपाळराव, कवळाण्याचे, घराणं गायकवाडांचंच पण लांबच्या शाखेचं, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं. तुटक रेषेनं वर जा किंवा अखंड रेषेनं वर जा, फांद्या गायकवाडांच्याच. शाहू महाराजांचं तसं नाही, कागलच्या घाटग्यांकडे १८७४ मध्ये यशवंतराव म्हणून जन्मले, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. दोन्ही घराणी सगळ्यांना पाठ आहेत आणि एकानं दुसऱ्याला पुसलेलं नाही. राजेलोकांची दोन्ही बाजूंची नोंद आपण कौतुकानं ठेवतो, घरातल्या माणसाची ठेवताना मात्र आवाज खाली जातो.

रोमन लोक तर नावातच लिहून ठेवायचे. कार्थेज शहर पाडणारा सेनापती स्किपिओ एमिलियानुस, त्याचा जन्म एमिलियुस पाउलुसच्या घरातला, दत्तक गेला स्किपिओंच्या घरात. नाव नव्या घराचं आणि शेवटी 'एमिलियानुस' म्हणजे मूळचा एमिलियुसांचा. दोन हजारांहून जास्त वर्षांनी आजही नुसतं नाव वाचून कळतं. मला ही पद्धत आवडते पण ती सगळ्यांना मानवेल असं नाही, ऑगस्टस सम्राटालाच मानवली नव्हती, सीझरच्या मृत्युपत्रात दत्तक घेतल्यावर त्यानं स्वतःला सीझर म्हणवून घेतलं, 'ऑक्टेव्हियानुस' हे नाव त्यानं वापरलं नाही आणि सम्राट होण्याआधीच्या काळात इतिहासात आपण त्याला नेमकं त्याच नावानं ओळखतो. कुठलं नाव मुख्य ते माणसानं स्वतः ठरवलेलं असतं, झाड बनवणाऱ्यानं ते उलटं करू नये. माझ्याकडे आता नियम असा की माणूस ज्या नावानं जगला ते मुख्य, जन्माचं नाव पर्यायी नाव म्हणून त्याखाली, म्हणजे सर्चमध्ये दोन्ही सापडतं.

तारखांचंही असंच. आत्याच्या नोंदीत मी आधी दोन तारखा घातल्या होत्या, जन्माची आणि कोर्टाच्या हुकमाची. ती म्हणाली, कोर्टाची तारीख मला आठवत पण नाही, मी घरी आले तो दिवस कुठंय? ती कोर्टाच्या हुकमाच्या आधी अकरा महिने घरी आली होती. आजीनं ती तारीख एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीये. आता तीन घटना आहेत, जन्म, घरी आली, दत्तकाचा हुकूम, आणि मधलीला मी वहीच्या पानाचा फोटो पुरावा म्हणून जोडलाय. ज्यांच्या घरी असं काही लिहिलेलं नसेल त्यांनी ज्याला आठवतंय त्याला आत्ताच विचारा, कारण हुकमाची तारीख कागदावर कधीतरी मिळते, घरी आल्याची तारीख फक्त माणसांकडे असते.

कागदांबद्दल एक सावध करते. जन्मदाखला हा सगळ्यात पक्का पुरावा असं झाड बनवणारे सगळेच मानतात, मी पण मानायचे. पण बऱ्याच देशांत दत्तकानंतर जन्माचा दाखला नव्यानं बनतो, त्यात आईवडील म्हणून दत्तक घेणाऱ्यांची नावं येतात आणि मूळ दाखला सीलबंद होतो. म्हणजे दाखला अस्सल आहे, सही-शिक्क्याचा आहे आणि तरीही त्यावरून जैविक नातं सिद्ध होत नाही. अमेरिकेत असंच आहे, न्यूयॉर्क राज्यानं प्रौढ दत्तक माणसांना मूळ दाखला मागायचा हक्क २०२० मध्ये दिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर दत्तक १९२७ पासून सुरू झालं आणि तेव्हापासून दत्तक मुलांचं वेगळं रजिस्टर आहे, मूळ जन्माची नोंद बघायचा हक्क अठरा पूर्ण झालेल्यांना १९७५ च्या कायद्यानं मिळाला. त्याआधी जी माणसं गेली त्यांना आपल्याच जन्माचा कागद बघायचा हक्क कधी मिळालाच नाही, हा विचार मला फार त्रास देतो.

आणि ज्यांचा कागदच नाही? न्यूयॉर्क आणि पूर्वेकडच्या शहरांतून १८५४ ते १९२९ या काळात अनाथ, बेघर मुलांना रेल्वेनं आतल्या भागातल्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवत, सुमारे दोन लाख मुलं गेली असं मानतात, त्यातल्या कित्येकांचं कायद्यानं दत्तक कधी झालंच नाही, कुणी पोटच्यासारखं वाढवलं आणि कुणी नुसतं राबवून घेतलं. अशा ठिकाणी आपण मागाहून प्रेमानं 'दत्तक' लिहू नये आणि कागद नाही म्हणून नातं खोडूही नये. 'सांभाळलं' असं लिहावं, कधीपासून कधीपर्यंत ते लिहावं, कुणी सांगितलं ते लिहावं. माझ्या आईच्या बाजूला एक बाई आहेत, त्या कुणाच्या कोण हे कुणालाच सांगता येत नाही, पण माझ्या पणजीच्या घरात त्या वयाच्या सहाव्या वर्षापासून वाढल्या, लग्न तिथूनच झालं. सॉफ्टवेअरच्या यादीत त्यांच्यासाठी शब्द नाही. मी स्वतः टाइप केला, 'पणजीनं वाढवलेली'.

आता डीएनए. हल्ली घरोघरी कुणीतरी टेस्ट करतंच, आत्याच्या मुलानं पण केली. त्या टेस्टला आमचं घर दिसत नाही. सख्ख्या आत्या-मामाच्या मुलांमध्ये सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो, आमच्या दोघांत शून्य, आणि तो माझा आतेभाऊ आहे, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या आम्ही एकत्र काढल्यात. त्याला जे मॅच आले ते सगळे जन्माच्या बाजूचे, त्यात एकजण बऱ्यापैकी जवळची निघाली. तिला आत्याबद्दल माहीत असेल का, तिच्या घरात कुणाला तरी माहीत असेल का, काहीच कळायला मार्ग नाही. त्यानं मला विचारलं झाडात टाकू का तिला. मी म्हटलं नको, निदान आत्ता नको. जिवंत माणसाची बातमी आहे ती, आणि एकट्या आपलीही नाही. एका बाईनं पन्नास-साठ वर्षांपूर्वी जे कुणालाच सांगितलं नसेल ते मी कुणालाही उघडता येईल अशा झाडात लिहावं याचा मला अधिकार नाही. माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये मी ते खाजगी म्हणून नोंदवलंय, आतेभावाच्या परवानगीनं, आणि एक्सपोर्ट करताना खाजगी नोंदी बाहेर जात नाहीत ना ते दोनदा तपासते. आत्याला त्यानं स्वतः सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली मला थोडा वेळ द्या. तो वेळ अजून चाललाय आणि कुणी तिला घाई करत नाहीये.

म्हणून तिच्या जन्माच्या बाजूच्या चार्टमध्ये दोनच चौकटी आहेत आणि दोन्ही रिकाम्या. मी आधी त्यात 'अज्ञात' लिहिलं होतं. आत्याला ते नको होतं. ती म्हणाली, "अज्ञात नको लिहूस, ते कुठेतरी होते ना. नाव तेवढं माहीत नाही." मग मी 'जन्मदाती' आणि 'जन्मदाता' एवढंच लिहिलं आणि नावाची ओळ मोकळी सोडली, चौकटीतून आत्यापर्यंत अखंड रेष काढली. 'खरे आईवडील' हा शब्द मी आता कुठेच वापरत नाही, ना त्यांच्यासाठी, ना आजी-आजोबांसाठी, कारण एकाला खरं म्हटलं की दुसरे काय ठरतात ते सांगायला नको.

नवीन झाड गेल्या महिन्यात प्रिंट केलं. कंस काढलाय. आजी-आजोबांपासून तिघांकडे तीन रेषा उतरतात, त्यातली एक तुटक, तिन्ही सारख्याच जाडीच्या, आणि खालच्या कोपऱ्यात खुणांचा अर्थ दिलाय. तुटक रेषा पूर्ण झाडात पाच आहेत हे मला त्या वेळी कळलं, आत्या एकटी नव्हतीच, बाकीच्यांचं नीट लिहिलेलं नव्हतं एवढंच.

एक प्रत आत्याला पाठवली. चार दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, तुझ्या झाडात चूक आहे." माझ्या पोटात गोळा आला, मी कागद समोर पसरून बसले आणि विचारलं कुठे. म्हणाली, माझ्या धाकट्याचं जन्मसाल चुकवलंयस, एक वर्षानं मोठा केलायस त्याला.